मधल्या कानाची भुई

एका खेड्यांतील उपदेशकांनीं आमच्याकडे एक पत्र पाठविलें आहे. त्यांच्या मंडळींतील एका नऊ वर्षांच्या मुलास कांहीं महिन्यांपासून कमी ऐकूं येतें. शाळेंत मास्तरांनीं हांक मारिली तर तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या हांकेस वळून पाहतो. आईबापांनीं त्यास जिल्ह्याच्या इस्पितळांत नेलें. तेथें डॉक्टरांनीं कान पाहून सांगितलें कीं, पडद्याच्या मागें पाणी सांचलें आहे. पडद्यास लहानसा छेद देऊन तें काढूं. परंतु ठरलेल्या दिवशीं पुन्हां नीट पाहतां, उजव्या कानाच्या पडद्यामागें, खालच्या व मागच्या बाजूस, त्यांस निळसर छटा दिसली. तेव्हां ते म्हणाले, "आधीं शहरांत जाऊन कानाचा सी.टी. स्कॅन काढून आणा. तोंवर मी या कानास शस्त्र लावणार नाहीं, आणि तुम्हीही कानांत कांहीं घालूं नका."

मूल परत आलें. बापाची दोन दिवसांची मजुरी बुडाली. गांवांत लोक बोलूं लागले कीं, डॉक्टरास रोग कळला नाहीं, म्हणून तो टाळाटाळ करितो. आजीचें म्हणणें असें कीं, बाजाराच्या दिवशीं कान कोरणारा येतो, त्याच्यापुढें पोरास बसवावें, म्हणजे कान मोकळा होईल. "अशा वेळीं आईबापांस मीं काय सांगावें?" असा उपदेशकांचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचें उत्तर एका ओळींत देतां येईल : डॉक्टरांचें ऐकावें. पण जी गोष्ट कारण न समजतां मानिली जाते, ती शेजाऱ्याच्या पहिल्या बोलण्यासरशीं सुटते. यास्तव डॉक्टर कां थांबले, याचें कारण आम्ही या पाठांत क्रमानें सांगणार आहों. तें कारण मधल्या कानाच्या भुईंत आहे. ही भुई सर्व माणसांची सारखी नसते, आणि ती कशी आहे हें बाहेरून कोणास सांगतां येत नाहीं. इतकेंच या पाठाचें सार आहे.

खोली व तिच्या सहा बाजू

कानाचे तीन भाग आहेत. बाहेरचा कान म्हणजे पाळी व तेथून आंत जाणारी वाट. मोठ्या माणसांत ही वाट सुमारें २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर लांब असते. तिच्या शेवटीं पडदा बसविलेला असतो. हा पडदा सुमारें ९ मिलिमीटर रुंद असून त्याची जाडी एका मिलिमीटराच्या दहाव्या हिश्शाइतकीच असते. पडद्याच्या पलीकडे मधला कान आहे, आणि त्याच्याही पलीकडे आंतला कान आहे. ध्वनीची जाणीव मेंदूस पोंचविणाऱ्या मज्जातंतूचा आरंभ या आंतल्या कानांत होतो.

मधला कान म्हणजे कानशिलाच्या हाडांत कोरलेली एक लहानशी खोली होय. तिची उंची व लांबी प्रत्येकीं सुमारें १५ मिलिमीटर भरते. पण रुंदी फार थोडी. माथ्याशीं ती सुमारें ६, तळाशीं सुमारें ४, आणि मध्यें, जेथें आंतली भिंत फुगून पुढें आली आहे तेथें, अवघी २ मिलिमीटर असते. तेथें ज्वारीचा दाणासुद्धां अडकून बसेल. इतक्या अरुंद जागेंत हातोडी, ऐरण व रिकीब अशा नांवांचीं तीन हाडें एकमेकांस सांधलेलीं असतात. पडदा हालला कीं तीं हालतात आणि आवाज आंतल्या कानाकडे पोंचवितात.

या खोलींत हवा असते. नाकाच्या मागून, घशाच्या वरच्या भागांतून, एक नळी खोलींत येते व हवा आणिते. सर्दीनें किंवा नाकामागील गांठ वाढल्यानें ती नळी बंद राहिली म्हणजे खोलींत पाणी झिरपून सांचतें, हाडें मोकळेपणीं हालत नाहींत, आणि मूल कमी ऐकूं लागतें. पत्रांतील मुलाचें असेंच झालें आहे.

आतां या खोलीच्या सहा बाजू ध्यानांत ठेवा. बाहेरच्या बाजूस पडदा आहे. आंतल्या बाजूस आंतल्या कानाची भिंत आहे. वर हाडाचें पातळ छत आहे, आणि छतावर मेंदू आहे. मागें कानामागच्या उंचवट्यांतील पोकळ कप्प्यांकडे जाणारा दरवाजा आहे. पुढच्या भिंतीपलीकडून मेंदूकडे रक्त नेणारी मोठी वाहिनी वर चढते. आणि खालीं भुई आहे. इतक्या लहान खोलीचे शेजारी इतके थोर आहेत. आज आपणांस त्यांपैकीं भुईखालच्या शेजाऱ्याची ओळख करून घ्यावयाची आहे.

भुईखालचा पाट

हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळीस रोहिणी म्हणतात, आणि हृदयाकडे परत आणणाऱ्या नळीस नीला म्हणतात. मेंदूचें काम करून परत फिरलेलें रक्त कवटीच्या आंतल्या अंगास असलेल्या रुंद पन्हळींतून वाहतें. ही पन्हळ कानाच्या मागून नागमोडी वळण घेऊन खालीं उतरते, आणि कवटीच्या बुडाशीं असलेल्या एका भोंकांतून बाहेर पडते. तेथून पुढें ती मानेची मोठी नीला होऊन छातीकडे जाते. ज्या ठिकाणीं पन्हळ संपून नीला सुरू होते, त्या ठिकाणीं तिला वरच्या बाजूस एक घुमटासारखा फुगवटा असतो. कांद्याच्या आकारावरून शास्त्रज्ञांनीं त्यास कंद असें नांव दिलें आहे. डॉक्टर लोक त्यास ज्युग्युलर बल्ब म्हणतात. मधल्या कानाची भुई म्हणजे या कंदावर घातलेलें हाडाचें झांकण होय.

ज्या घराच्या भुईखालून पाटाचें पाणी वाहतें, अशा घराची कल्पना करा. पाटावर फरशी घातली आहे, फरशीवर माती चोपली आहे, आणि मातीवर शेणाचें सारवण आहे. घरांत राहणाऱ्यांस खालच्या पाण्याची आठवणही होत नाहीं. मुलें त्यावर खेळतात, बायका दळण दळतात. परंतु त्या घरांत खुंटी ठोकावयाची झाली, तर जाणता मनुष्य आधीं विचारील कीं, येथें फरशी किती जाड आहे? मधल्या कानाचें असेंच आहे. त्याच्या भुईखालून जें वाहतें तें पाणी नव्हे, रक्त आहे.

भुईचे चार प्रकार

पुष्कळ लोकांत ही भुई पडद्याच्या खालच्या कडेहूनही खालीं असते, आणि हाड चांगलें जाड असतें. त्या हाडांत मधाच्या पोळ्यासारखे लहान लहान हवेचे कप्पेही असतात. अशा कानांत डॉक्टरांनीं पडद्यांतून पाहिलें तरी कंदाचा मागमूस लागत नाहीं. हा पहिला प्रकार.

दुसऱ्या प्रकारांत कंद मोठा असल्यामुळें हाड दबून पातळ झालेलें असतें. फरशी आहे, पण ती कौलाइतकीही जाड नाहीं.

तिसऱ्या प्रकारांत कंद वर चढलेला असतो, आणि त्याबरोबर भुईही उचलून आलेली असते. सपाट जमिनीच्या ठिकाणीं खोलींत उंचवटा दिसतो. तो कधीं पडद्याच्या खालच्या कडेच्या वर येतो, तर कधीं आंतल्या कानाच्या गोल खिडकीपर्यंत पोंचतो.

चौथ्या प्रकारांत हाडाच्या झांकणास भोंक असतें, किंवा एका भागीं हाड मुळींच नसतें. नीलेची भिंत आणि खोलीचें पातळ अस्तर इतकेंच तेथें उरतें. जणूं फरशी काढून घेतली आहे, माती खरवडली आहे, आणि पाटावर केवळ सारवणाचा पापुद्रा राहिला आहे. असा उघडा कंद वर चढून पडद्यास टेकला, म्हणजे पडद्याच्या खालच्या व मागच्या भागांत निळी छटा दिसते. पत्रांतील डॉक्टरांच्या मनांत शंका आली ती याच प्रकाराची.

वर चढलेला कंद शंभर माणसांत किती जणांस असतो, याची मोजणी पुष्कळांनीं केली आहे. कोणाच्या मोजणींत शंभरांत पांचसहा निघाले, तर कोणाच्या मोजणींत वीसाहून अधिक. एवढा फरक पडण्याचें मुख्य कारण असें कीं, "वर चढलेला" कोणास म्हणावें याचें माप सर्वांचें एक नाहीं. कोणी पडद्याच्या खालच्या कडेपासून मोजतात, कोणी गोल खिडकीपासून. पण एवढें सर्व मानितात कीं, ही गोष्ट अपूर्व नव्हे. चौथा प्रकार, म्हणजे अगदीं उघडा कंद, यापेक्षां बराच विरळा असतो.

भुईंतील लहान बीळ

या भुईंत आणखी एक गोष्ट आहे. भुईखालच्या नीलेच्या व पुढच्या रोहिणीच्या वाटांमधील हाडांत एक बारीक बीळ असतें. त्यांतून एक नाजूक मज्जातंतु व एक बारीक रोहिणी वर खोलींत येतात. कोपनहेगन येथील शरीरशास्त्रज्ञ लुडविग लेविन जेकबसन यांनीं १८१८ सालीं या मज्जातंतूचें वर्णन केलें, म्हणून तो आजही त्यांच्या नांवानें ओळखला जातो.

फार विरळा असा एक प्रसंग घडतो कीं, गर्भांत असतांना मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी आपल्या नेहमींच्या वाटेनें तयार होत नाहीं. मग रक्त त्या लहान बिळांतील बारीक रोहिणीची वाट धरितें. ती वाट रुंद होते, आणि मोठी रोहिणीच मधल्या कानांतून जाऊं लागते. अशा कानांत पडद्यामागें तांबूस व नाडीबरोबर उडणारी वस्तु दिसते. याशिवाय, कंदाच्या घुमटावर व त्या मज्जातंतूच्या वाटेवर कांहीं अतिसूक्ष्म पिंड असतात. अमेरिकेंतील स्टेसी गिल्ड यांनीं १९४१ सालीं कंदावरील पिंडांचें वर्णन प्रसिद्ध केलें. अशा पिंडांपासून क्वचित् रक्तानें भरलेली गांठ वाढते, आणि तीही पडद्यामागें तांबडी दिसते.

आतां पाहा : सांचलेलें पाणी कधीं निळसर दिसतें, नीलेचा कंद निळा दिसतो, चुकलेली रोहिणी तांबडी दिसते, आणि गांठही तांबडी दिसते. पडद्याआडून पाहणाऱ्यास या वस्तु एकमेकींसारख्या भासतात; पण एकीस छेद देणें हा उपाय आहे, आणि दुसरीस छेद देणें हा घात आहे.

ही भिन्नता रोग नव्हे

कोणी विचारील, "मग ज्याची भुई उंच किंवा उघडी आहे तो मनुष्य रोगी म्हणावा काय?" नाहीं. आपले दोन्ही हात पुढें धरा आणि त्यांच्या पाठीवरील निळ्या शिरा पाहा. उजव्या हातावरील शिरांची नक्षी डाव्या हाताशीं मिळत नाहीं, आणि शेजाऱ्याच्या हाताशीं तर मुळींच मिळत नाहीं. तथापि सर्वांचे हात काम करितात. मास्तरांनीं हा प्रयोग वर्गांत अवश्य करून दाखवावा. जी भिन्नता हातावर उघड दिसते, तीच शरीराच्या आंतही आहे.

कानाच्या भुईची भिन्नता कशी उत्पन्न होते, याविषयीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, जन्मतांना कंद तयार झालेला नसतो. मूल उठून बसूं लागतें, उभें राहतें, चालतें, आणि डोक्यांतील रक्त खालीं उतरण्याची तऱ्हा बदलते. तसा नीलेस फुगवटा येऊं लागतो. सुमारें दोन वर्षांच्या वयानंतर तो स्पष्ट दिसूं लागतो आणि मोठेपणापर्यंत वाढत जातो. जी वस्तु सावकाश वाढते ती प्रत्येकांत सारखीच वाढेल असें नाहीं. दुसरी गोष्ट ही कीं, बहुतेक लोकांत डोक्याच्या माथ्यावरून मागें येणारें रक्त अधिक करून उजव्या पन्हळीकडे वळतें. त्यामुळें उजवा कंद सहसा डाव्यापेक्षां मोठा व उंच असतो. पत्रांतील मुलाचा संशयित कान उजवाच आहे, हें वाचकांच्या लक्षांत आलें असेल.

हें ज्ञान एका दिवसांत मिळालेलें नाहीं. लंडन येथील जोसेफ टॉयन्बी यांनीं एकोणिसाव्या शतकांत सुमारें दोन हजार कान उघडून तपासले, आणि त्यावरून १८६० सालीं कानाच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच काळीं व्हिएन्ना येथील जोसेफ हिर्टल यांनीं १८५८ सालीं एक निबंध लिहून दाखविलें कीं, कानशिलाच्या हाडांत कोणत्याही रोगावांचून, आपोआप भोंकें असलेलीं आढळतात. डोक्याच्या आकारावरून मनुष्याचा स्वभाव सांगतां येतो, असें त्या काळीं कित्येक लोक मानीत. हिर्टल यांस तें पटत नसे. कवट्या किती निरनिराळ्या प्रकारच्या असतात हें दाखविण्यासाठीं त्यांनीं मोठा संग्रह केला. त्यांतील १३९ कवट्या १८७४ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरच्या म्यूटर संग्रहालयानें विकत घेतल्या. त्या आजही तेथें आहेत. ज्याप्रमाणें कवटीवरून स्वभाव ठरत नाहीं, त्याप्रमाणें हाडांत भोंक आहे एवढ्यावरून रोग ठरत नाहीं.

ज्यांचा कंद वर चढलेला असतो त्यांपैकीं बहुतेकांस जन्मभर कसलाही त्रास होत नाहीं, आणि आपल्या कानांत असें कांहीं आहे हें त्यांस ठाऊकही नसतें. कांहींच्या कानांत मात्र नाडीच्या ठोक्याबरोबर घूं घूं असा आवाज येतो. कांहींचा कंद पडद्यास किंवा लहान हाडांस टेकतो, अथवा गोल खिडकी झांकतो, आणि तेणेंकरून ऐकणें कमी होतें. अशांनींही घाबरण्याचें कारण नाहीं. तज्ज्ञ डॉक्टरांस मात्र दाखवावें.

डॉक्टर कां थांबले

आतां आपण मूळ प्रश्नाकडे येऊं. पडद्यास छेद देणें हें लहानसें काम आहे, आणि तें रोज पुष्कळ ठिकाणीं सुखरूप होतें. परंतु ज्या कानांत उघडा कंद पडद्यास टेकला आहे, त्या कानांत सुरीचें टोक पडद्याबरोबर नीलेसही लागूं शकतें. मग कानांतून रक्ताची धार लागते. असे प्रसंग घडले आहेत आणि डॉक्टरांनीं ते प्रामाणिकपणें लिहून ठेविले आहेत. नीलेचें रक्त बहुधा कानांत पट्टी घट्ट भरून थांबवितां येतें. पण ती नीला नसून चुकलेली रोहिणी असेल तर प्राणावर बेततें, आणि वांचलेल्यास अर्धांगवायु होण्याचें भय असतें.

पूर्वीं डॉक्टरांस हें आधीं कळण्याचा मार्ग फार थोडा होता. गॉडफ्रे हौन्सफील्ड यांनीं तयार केलेल्या यंत्रानें १ ऑक्टोबर १९७१ रोजीं विंबल्डन येथील इस्पितळांत जिवंत रोग्याच्या डोक्याचें पहिलें सी.टी. चित्र काढलें गेलें. या शोधाबद्दल त्यांस व ॲलन कॉर्मॅक यांस १९७९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या यंत्रांत क्षकिरण निरनिराळ्या दिशांनीं डोक्यांतून पाठविले जातात, आणि गणितानें त्यांचीं चित्रें जुळविलीं जातात. केळ्याच्या चकत्या कराव्या त्याप्रमाणें हाडाच्या पातळ पातळ चकत्या पडद्यावर दिसतात. मात्र कोठें सुरी लागत नाहीं, कीं रक्त निघत नाहीं. आजच्या यंत्रांत एक चकती एका मिलिमीटराहूनही पातळ करितां येते. भुई जाड आहे कीं पातळ, सपाट आहे कीं उचललेली, अखंड आहे कीं उघडी, हें तेथें दिसतें. क्षकिरण गरज नसतां अंगावर घेऊं नयेत हें खरें. पण येथें गरज आहे.

चित्र आल्यावर काय होईल? निळी छटा सांचलेल्या पाण्याचीच निघाली, तर डॉक्टर ठरल्याप्रमाणें काम करतील. कंद वर चढलेला निघाला, तर ते छेद त्याच्यापासून दूर, पडद्याच्या खालच्या पण पुढच्या भागांत देतील. किंवा छेद न देतां वाट पाहतील, कारण पुष्कळ मुलांचें पाणी तीन महिन्यांच्या आंत आपोआप ओसरतें. तोंवर मुलास शाळेंत पुढच्या बांकावर बसवावें, आणि मास्तरांनीं त्याच्याकडे तोंड करून बोलावें. तेव्हां चित्र कांहींही दाखवो, तें फुकट जाणार नाहीं. मुलाच्या कानांत पुढें कधींही शस्त्र लावावयाचें झालें, तर तोच कागद दुसऱ्या डॉक्टरांस वाट दाखवील.

डॉक्टर थांबले तें त्यांस कळलें नाहीं म्हणून नव्हे. काय असूं शकतें हें त्यांस कळलें म्हणून थांबले. खुंटी ठोकण्यापूर्वीं ज्यानें फरशीची चौकशी केली, त्यास आपण भित्रा म्हणत नाहीं, गवंडी म्हणतों.

कानकोरणें व घरचे उपाय

आजीचा हेतु चांगला आहे यांत शंका नाहीं. नातवाचें दुःख तिला पाहवत नाहीं. परंतु कानकोरणें हातांत धरणाऱ्यास पडद्यापलीकडची भुई दिसत नाहीं. त्यास पडदाही धड दिसत नाहीं. खरें सांगावयाचें तर, कानकोरण्यानें प्रत्यक्ष कंद फुटल्याचा प्रसंग विरळाच. पण वाट खरचटणें, मळ आंत दडपला जाणें, पडदा फाटणें व लहान हाडें निखळणें हे प्रसंग विरळ नाहींत. आणि ज्या कानांत पडद्याच्या पाठीशींच नीला टेकली असण्याचा संशय आहे, त्या कानांत सळई घालूं देणें म्हणजे डोळे बांधून पाटावर पहार मारण्यासारखें आहे. शिवाय या मुलाचें पाणी पडद्याच्या मागें आहे; तें कोरून निघणारें नव्हे. कान कोरणारा त्यास फार तर मळ काढून दाखवील, आणि आजार होता तेथेंच राहील.

यास्तव घरोघर पुढील गोष्टी पाळाव्या. कानांत काडी, सळई, किल्ली, केसांचा आंकडा किंवा कापसाची काडी घालूं नये. मळ बहुधा आपोआप बाहेर येतो, आणि पाळीवर आला म्हणजे ओल्या फडक्यानें पुसला कीं पुरे. वाहणाऱ्या कानांत कढत तेल, पाल्याचा रस, दूध अथवा विचारल्यावांचून कसलेंही औषध घालूं नये. वाहणारा कान कोरडा ठेवावा. न्हातांना कानांत पाणी जाऊं देऊं नये, व त्या दिवसांत विहिरींत पोहूं नये. आईबापांनीं व मास्तरांनीं मुलाच्या कानशिलांत कधींही मारूं नये. एका चपराकीनें पडदा फाटतो.

कानांतून रक्त आलें, घाण वासाचा पू वाहूं लागला, कानामागें सूज येऊन ताप भरला, चक्कर येऊं लागली, तोंडाची एक बाजू लुळी पडली, अथवा नाडीच्या ठोक्याबरोबर कानांत आवाज येऊं लागला, तर उशीर न करितां प्राथमिक आरोग्य केंद्रांत किंवा जिल्हा रुग्णालयांत जावें.

पत्राचें उत्तर

आमच्या उपदेशक बंधूंनीं त्या आईबापांकडे जाऊन हा पाठ वाचून दाखवावा. त्यांची मजुरी बुडाली व आणखी बुडेल, हें दुःख खरें आहे, आणि त्यांस "एवढ्यानें काय होतें" असें कोणीं म्हणूं नये. उलट मंडळींतील एकाद्यानें शहरापर्यंत त्यांच्यासोबत जावें, म्हणजे बाप दारोदार विचारीत फिरणार नाहीं. निघण्यापूर्वीं रुग्णालयांत विचारून घ्यावें कीं, हा स्कॅन सरकारी इस्पितळांत कोठें निघतो, आणि खर्चास कांहीं सवलत मिळते काय. डॉक्टरांची चिठ्ठी जपून न्यावी, व चित्र आणि त्याचा कागद परत आणून घरांत सुरक्षित ठेवावा.

आजीची समजूत मात्र वाद घालून पटणार नाहीं. तिला विचारावें, "आजीबाई, भुईखालीं पाट आहे कीं नाहीं हें पाहिल्यावांचून तुम्ही आपल्या घरांत पहार मारूं द्याल काय?" आम्हांस वाटतें, तिचें उत्तर ऐकून डॉक्टरांचें बोलणें तिला आपलेंच वाटेल.

उजळणीचे प्रश्न

१. मधल्या कानाच्या सहा बाजू कोणत्या, आणि प्रत्येकीपलीकडे काय आहे?
२. कंद म्हणजे काय? तो सहसा कोणत्या बाजूस मोठा असतो, व कां?
३. भुईचे चार प्रकार घराच्या दृष्टांतानें समजावून सांगा.
४. आपल्या दोन हातांवरील शिरा पाहून भिन्नता व रोग यांतील फरक सांगा.
५. पडद्यामागें निळें किंवा तांबडें दिसलें तर तें काय काय असूं शकतें?
६. डॉक्टरांनीं छेद देण्याचें थांबविलें तें योग्य कां होतें?
७. आपल्या गांवांत कानासंबंधीं कोणत्या घातक चाली आहेत? त्यांपैकीं एक बंद करण्यासाठीं या आठवड्यांत तुम्ही काय कराल?